घरफोडीच्या गुन्ह्यात पोरगा उचलला, तर आधी वकील!

वस्तीजवळ घरफोडी झाली की पहाटे पोलिसांची गाडी येते आणि एखाद्या तरुणाला 'चौकशीसाठी' घेऊन जाते. घरचे आधी ओळखीचा पुढारी शोधतात, मग दागिने गहाण ठेवतात. वकील आठवतो तो शेवटी. वस्त्यांमध्ये काम करताना हा क्रम आम्ही वारंवार पाहिला आहे. तो उलटा करायला हवा.

प्रथम आरोप समजून घेऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरातील चोरीसाठी कलम ३०५ असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. चोरीसाठी कुलूप तोडून किंवा भिंत फोडून आत शिरल्यास कलम ३३१ लागते. त्यात दिवसाच्या घरफोडीला दहा, तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून एफआयआरमधले कलम आणि वेळ नीट वाचा.

अटक झाली असेल तर कारण सांगणे आणि नातेवाइकांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. मारहाण झाली असेल तर ती त्याच दिवशी न्यायालयात सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीवरून मुद्देमाल सापडला, तर तेवढा भाग वापरला जातो. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर जन्माचा दाखला लगेच दाखवा. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतील व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

ज्याचे घर फुटले, तोही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. खरा चोर सापडावा, हे त्याच्याही हिताचे आहे आणि आपल्याही. चोरीला पाठीशी घालावे, असे आम्ही म्हणत नाही. पण गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी हा गुन्हेगार नसतो. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या कलम २२ मध्ये वकिलाचा हक्क लिहिलेला आहे. प्रत्येक विहारात एका तरी कार्यकर्त्याकडे वकिलाचा नंबर आणि ही माहिती असलीच पाहिजे.

जय भीम!