युनिट कमी आले म्हणजे पॅनेल बिघडलं का?

घरावर सोलर बसवलेल्या माणसाचा ठरलेला प्रश्न असतो: "आज किती युनिट झाले?" आकडा कमी दिसला की दोष धुळीला, आणि पॅनेल धुतल्यावर वाढला की श्रेय धुण्याला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हे उदाहरण छान आहे, कारण इथे मोजमाप रोज होतं, पण निष्कर्ष बऱ्याचदा चुकतो.

आधी बरोबर आकडा घ्या

नेट मीटरवरचे निर्यात युनिट म्हणजे निर्मिती नव्हे. घरात वापरून उरलेली वीज तेवढी ग्रीडमध्ये जाते. उन्हाळ्यात दुपारी कूलर लागला की निर्यात घटते, पॅनेल तेवढीच वीज देत असलं तरी. निर्मितीचा आकडा इन्व्हर्टरच्या ॲपवर किंवा वेगळ्या जनरेशन मीटरवर बघायचा.

मग भागाकार करा

पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते: दर चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस. म्हणून मिळालेल्या युनिटला "तेवढ्या उन्हात या क्षमतेने किती द्यायला हवे होते" याने भागतात. याला परफॉर्मन्स रेशो म्हणतात.

समजा, पुण्यात ३ किलोवॉटची सिस्टिम आहे. एप्रिलच्या एका दिवशी पॅनेलवर दर चौरस मीटरला ६.५ युनिट ऊन पडलं. अपेक्षा ३ × ६.५ = १९.५ युनिट, मिळाले १४.६. रेशो ०.७५. डिसेंबरच्या दिवशी ऊन ५ युनिट, अपेक्षा १५, मिळाले १२. रेशो ०.८०.

म्हणजे एप्रिलमध्ये युनिट जास्त, पण कामगिरी कमी! लगेच वाटतं, उन्हाळ्याची धूळ. थांबा.

सिलिकॉन पॅनेल तापलं की त्याची क्षमता घटते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के धरू. नेमका आकडा पॅनेलच्या डेटाशीटवर असतो. एप्रिलमध्ये सेल सरासरी ५८ अंशावर असेल तर २५ पेक्षा ३३ अंश जास्त, म्हणजे सुमारे ११.५ टक्के घट. डिसेंबरमध्ये ४३ अंश धरले तर ६.३ टक्के. ही घट बाजूला काढून पुन्हा भागाकार केला की दोन्ही महिन्यांचं उत्तर ०.८५ च्या आसपास येतं. या उदाहरणात धुळीवर आरोप ठेवायला जागाच उरली नाही. सगळा फरक उष्णतेचा होता.

धुळीचा परिणाम कसा मोजायचा?

"काल धुतलं, आज दोन युनिट वाढले" हा पुरावा नाही. काल ढग असतील, आज नसतील. तुलनेला कंट्रोल हवा. सारख्या दिशेच्या, सारख्या कलाच्या, सावली नसलेल्या दोन स्ट्रिंग असतील आणि इन्व्हर्टर त्यांचे आकडे वेगळे देत असेल, तर एकच धुवा. आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर दोघींच्या युनिटचं गुणोत्तर काढा. ऊन आणि उष्णता दोघींना सारखीच, त्यामुळे गुणोत्तर बदललं तर ते धुण्यामुळे. पाऊस पडला तर मात्र प्रयोग पुन्हा सुरू करावा लागतो, कारण पावसाने दुसरीही धुतली जाते.

एक बारीक गोष्ट: ऊन मोजायला पायरॅनोमीटर लावला असेल तर तोही पुसायला हवा. तो पॅनेलइतकाच मळला तर ऊनही कमी मोजतो आणि रेशो छान दिसतो! उपकरण नसेल तर नासाच्या 'पॉवर' संकेतस्थळावर ठिकाणानुसार रोजचे अंदाज मोफत मिळतात. पण ते आडव्या पृष्ठभागासाठी असतात. पॅनेलच्या कलासाठी रूपांतर करावं लागतं.

दिवसाचा आलेख वाचा

एकूण युनिटपेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो:

- रोज ठरावीक वेळी खड्डा: सावली. पाण्याची टाकी, झाड, शेजारची नवी भिंत बघा.
- भर दुपारी अचानक शून्य: ग्रीडचा व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर सुटत असेल. ॲपमधला एरर कोड बघा. इथे धुऊन काही होणार नाही.
- माथा सपाट: इन्व्हर्टरची कमाल मर्यादा गाठली.
- स्वच्छ उन्हातही दिवसभर सारख्याच प्रमाणात घट: आता धुळीचा संशय रास्त.

धुवायचंच असेल तर सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग राहतात. काच फुटलेली किंवा वायर उघडी दिसली तर हात लावू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

तुमचा विषय सोलर नसेलही. तरी कुठलाही आकडा घसरलेला दिसला की कारण शोधण्याआधी दोन प्रश्न विचारा: याला कशाने भागायचं? आणि तुलना कोणाशी करायची?