काडी लावणारा आणि पेटणारा : पॉयरोचा शेवटचा खटला

मंडळी, आजचं उदाहरण रहस्यकथेतलं आहे. नीतिशास्त्राच्या व्याख्यानात हर्क्यूल पॉयरो कशाला, असं कुणी विचारील. पण कृतीची जबाबदारी नक्की कुणाची, हा प्रश्न अगाथा ख्रिस्तीच्या ‘कर्टन’मध्ये जितका टोकदार होतो, तितका आम्ही शिकवलेल्या अनेक पाठ्यपुस्तकांत होत नाही. शेवट सांगितल्याशिवाय मात्र बोलता येणार नाही. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, वाचून मग यावं.

पॉयरोची पहिली कादंबरी १९२० साली आली आणि ‘कर्टन’ १९७५ साली. मधे तीसेक कादंबऱ्या. गंमत अशी की ही अखेरची कादंबरी बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कडीकुलपात ठेवून दिली होती. ६ ऑगस्ट १९७५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पॉयरोच्या निधनाचं वृत्त चक्क पहिल्या पानावर छापलं! पुढे जानेवारी १९७६ मध्ये बाईही गेल्या.

कथा पुन्हा स्टाइल्स या पहिल्याच घरात घडते. आता तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवतात. पॉयरो थकलेला, चाकाच्या खुर्चीत. तो जुना मित्र हेस्टिंग्जला पाच जुनी प्रकरणं वाचायला देतो. प्रत्येकात संशयित उघड दिसतो, पण पाचही ठिकाणी एक माणूस जवळपास वावरलेला आहे. तो म्हणजे नॉर्टन, पक्षी बघत हिंडणारा, मवाळ, काहीसा बिचारा. तो स्वतः कुणाला बोटही लावत नाही. तो फक्त बोलतो.

आपल्याकडे याला कान भरणं म्हणतात. पण मंथरेने निदान कैकेयीला काय मागायचं ते स्पष्ट सांगितलं होतं. नॉर्टन तेवढंही करत नाही. समोरच्याच्या मनात आधीच असलेला राग तो हेरतो आणि योग्य वेळी सहानुभूतीचं एखादं वाक्य टाकतो. कायद्याने त्याला पकडायचं कशावर? पॉयरोला स्वतःलाच इयागो आठवतो, ते बरोबरच आहे.

रहस्यकथा म्हणून पहिला अर्धा भाग आम्हाला रेंगाळलेला वाटतो. हेस्टिंग्जचं उदास पुराण जरा जास्तच होतं. बंद खोलीची करामतही बेताचीच. पण दोन प्रसंग विलक्षण आहेत.

पहिला कर्नल लट्रेलचा. बायको चारचौघांत त्याचा पाणउतारा करते, नॉर्टन त्याला नकळत डिवचतो, आणि थोड्या वेळाने कर्नल ससा समजून बायकोवरच गोळी झाडतो. ती वाचते. पॉयरोचं स्पष्टीकरण असं, की एवढा पट्टीचा नेमबाज चुकला कारण त्याचं तिच्यावर प्रेम होतं. दुसरा खुद्द हेस्टिंग्जचा. मुलीच्या काळजीने भडकून हा सज्जन माणूस एकाला गोळ्या घालून मारायची, म्हणजे औषधाच्या गोळ्या बरं का, सगळी तयारी करतो. पॉयरो त्याला गुंगीचं औषध घातलेलं गरम चॉकलेट पाजतो आणि सकाळी हेस्टिंग्ज भानावर येतो.

आता बघा. नॉर्टनचा शब्द म्हणजे कापसाला लागलेली ठिणगी असती, तर कर्नलचा नेम चुकलाच नसता. ॲरिस्टॉटल म्हणतो, ज्या कृतीचा उगम कर्त्याच्या आत आहे ती कृती ऐच्छिक. शब्द बाहेरून आला, पण घोडा ओढणारं बोट कर्नलचं होतं आणि नेम चुकवणारं मनही त्याचंच. म्हणजे पेटणारा सुटत नाही. मग काडी लावणारा सुटतो का? तर नाही. जबाबदारी म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एकाला जास्त गेली तर दुसऱ्याला कमी मिळेल. दोघंही पुरते जबाबदार असू शकतात.

अडचण पॉयरोच्या निर्णयात आहे. तो नॉर्टनला गोळी घालतो. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये (१९३४) त्याने इतरांना सोडून दिलं होतं; इथे तो स्वतःच मारेकरी होतो. त्याची बाजू अशी, की कायदा हतबल आहे आणि पुढचे खून अटळ आहेत. पण अटळ कसे? कर्नल आणि हेस्टिंग्ज ही दोन उदाहरणं त्यानेच आपल्यासमोर ठेवली. एक स्वतःच्या प्रेमाने वाचला, दुसरा मित्राच्या कपभर चॉकलेटने. पुढचा माणूस वाचलाच नसता, हे पॉयरोला कळलं कसं? आम्हाला त्याचा युक्तिवाद इथे तोकडा वाटतो. शिवाय, ज्याने आयुष्यभर खुनाला नाही म्हटलं त्यालाच खुनी बनवणं, यापेक्षा मोठं यश नॉर्टनला कुठलं मिळणार होतं?

हे पॉयरोलाही जाणवलेलं असावं. मरणोत्तर पत्रात तो आपण योग्य केलं की अयोग्य, हे ठामपणे सांगत नाही. हृदयविकाराच्या औषधाच्या कुप्या हाताशी न ठेवता तो झोपतो आणि निवाडा देवावर सोडतो. आणि नॉर्टनने आत्महत्या केली असं भासवायचं असूनही गोळी कानशिलात नाही, बरोबर कपाळाच्या मध्यभागी. टापटिपीचं वेड त्या क्षणीही सुटलं नाही. तीही एक खूण त्याने मागे ठेवली, आणि हेस्टिंग्जला ती शेवटपर्यंत वाचता आली नाही.