भट्टी बंद, खर्च चालू

कोल्हापुरात शाहू मिलचा भोंगा 2003 साली थांबला. त्याबरोबर आणखी काय काय थांबलं, हे इथल्या बायकांना सांगायला नको. पगाराच्या दिवशीची किराणा दुकानातली गर्दी गेली, भाजीवालीचं गिऱ्हाईक गेलं. गिरणीचं असं सरळ असतं. बंद म्हणजे कुलूप!

अणुवीज केंद्राचं तसं नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूरच बघा ना. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं. त्याचे पहिले दोन संच, हल्ली प्रत्येकी 160 मेगावॅटचे, 2020 मध्ये थांबले. भट्टीत पाणी फिरवणारे जुने पाइप बदलायचं मोठं काम निघालं होतं.

आता घरखर्चाच्या वहीत मांडतो तसा हिशेब मांडू. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला जवळजवळ 77 लाख युनिट वीज तयार होते. महिन्याला 100 युनिट वापरणारं घर धरलं, तर ही झाली 23 लाख घरांची वीज. तीही जुन्या भांडवलावरची, म्हणून स्वस्तातली. ती थांबली की तेवढी दुसरीकडून घ्यायची, बहुधा चढ्या दराने.

बरं, गॅस बंद केला तरी कुकर लगेच उघडता येत नाही. इथे तर वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्यात थंड ठेवावं लागतं. पंप, पहारा, तपासणी, पगार, सगळं चालूच. वीज मात्र शून्य. शिवाय किरणोत्साराची मर्यादा असल्यामुळे आत एकाच माणसाला फार वेळ राबवता येत नाही. एका कामाला पाळीपाळीने अनेक हात लागतात.

म्हणूनच अशा गावांचं गणित थोडं उलटं असतं. दुरुस्ती निघाली की कंत्राटी माणसं येतात, खोल्या भाड्याने जातात, डबे करणाऱ्या बाईच्या पोळ्या वाढतात. काम संपलं की ती माणसं जातात. कायम नोकरदाराचा पगार थांबत नाही, कंत्राटी कामगाराचा थांबतो.

जपानमध्ये 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर एकेक करत सगळ्या भट्ट्या थांबल्या. नव्या सुरक्षा नियमांनुसार पहिली सुरू झाली ती सेंदाईची, ऑगस्ट 2015 मध्ये. तिथे लॉज आणि खानावळवाल्यांना भट्टी हवी होती. विरोधात उभ्या राहिलेल्यांत लेकुरवाळ्या आयाही होत्या. दोघींच्या काळजीत खोटं काहीच नव्हतं.

तारापूरला मात्र तिसरीही एक बाजू आहे. 540 मेगावॅटच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. मासेमारीवर जगणारी घरं समुद्रापासून लांब गेली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. किनारा सुटलेल्या कोळणीला संच चालू काय नि बंद काय! दुरुस्तीची कामं निघतात तेव्हा त्यातली किती आमच्या पोरांना मिळणार, एवढंच तिला विचारायचं असतं.