साहेब बदलला की कारभार सुधारतो?

संस्था डबघाईला आली की उपाय ठरलेला असतो: वरचा माणूस बदला. बँक असो, महापालिका असो की क्रिकेटचा संघ, ‘खमका माणूस बसवा, सहा महिन्यांत चित्र पालटेल’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की पुरावा मागायचं कुणाला सुचतच नाही. पुरावा मात्र गेली पन्नास वर्षं उपलब्ध आहे.

स्टॅन्ली लिबरसन आणि जेम्स ओ’कॉनर यांनी १६७ मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा वीस वर्षांचा हिशेब तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. विक्रीतल्या फरकाचा बहुतांश भाग कंपनी कोणती, तिचा उद्योग कोणता आणि वर्ष कसं गेलं, यांवर ठरत होता. प्रमुख कोण, याचा वाटा सात टक्क्यांच्याही आत होता. नफ्याच्या प्रमाणात तो दुप्पट भरला, म्हणजे नगण्य नव्हे. पण चित्र पालटणाराही नव्हे.

मग माणूस बदलल्यावर सुधारणा होताना दिसते, ती कुठून येते? माणूस बदलतात कधी, ते आधी पाहावं. कामगिरी तळाला गेल्यावर! तळाला गेलेली गोष्ट बहुधा आपसूकच थोडी वर येते. बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्समधल्या फुटबॉल क्लबांच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदी तपासल्या. प्रशिक्षक हाकलल्यावर संघ सावरले, हे खरं. पण तेवढेच घसरलेले आणि प्रशिक्षक न बदललेले संघही तसेच सावरले. ही तुलना न करता नव्या माणसाला हार घालणं म्हणजे शुद्ध फसगत आहे.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांचं पाहा. पाऊस बरा झाला, साखरेला भाव मिळाला की अध्यक्ष दूरदृष्टीचे ठरतात. दुष्काळात ऊस वाळला की तेच नाकर्ते होतात. तेल कंपन्यांबद्दल तर २००१ च्या एका अभ्यासात मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी दाखवूनच दिलं, की जागतिक बाजारात तेल महागलं की प्रमुखांचा मोबदलाही वाढतो. तेलाचा भाव त्यांच्यापैकी कुणीही वाढवलेला नसतो.

याचा अर्थ खुर्चीवर कुणीही बसलं तरी चालतं, असा काढणं ही दुसऱ्या टोकाची चूक. बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्कन यांनी पदावर असताना नैसर्गिक कारणाने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्या ५७ राष्ट्रप्रमुखांचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. हुकूमशाही देशांत अशा मृत्यूनंतर अर्थव्यवस्थेचा वेग स्पष्ट बदलला. लोकशाही देशांत तसा परिणाम आढळला नाही. प्रमुखाला अडवणारं कुणी आहे की नाही, यावर त्याचं वजन ठरतं.

‘गुणी माणूस कुठेही सोनं करतो’ हेही खोटं: ॲपलची दुकानं गाजवणारे रॉन जॉन्सन २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रमुख झाले, पुढच्याच वर्षी तिची विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली.

आणि ‘मोठा माणूस गेला की संस्था संपते’? व्हर्गिस कुरियन २००६ मध्ये अमूलच्या महासंघातून बाहेर पडले, तेव्हा उलाढाल चार हजार कोटी रुपयांच्या आत होती. २०२२-२३ मध्ये ती ५५ हजार कोटींवर गेली. महागाई वजा केली तरी वाढ प्रचंडच. कुरियन थोर होतेच, पण पाया त्रिभुवनदास पटेलांनी घातला, म्हशीच्या दुधाची भुकटी हरिचंद दलाया यांनी करून दाखवली, आणि गावची दूध संस्था, जिल्हा संघ, राज्य महासंघ ही घडी कुरियन गेल्यावरही मोडली नाही.

म्हणून सभासदांनी वार्षिक सभेत अध्यक्षांचा सत्कार किंवा राजीनामा मागण्याआधी त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या संस्थेचे त्याच वर्षांचे आकडे मागावेत. श्रेय आणि दोष, दोन्ही त्या फरकापुरतेच द्यावेत.