मार्फतचा पत्ता

‘मार्फत’ हा शब्द व्यापाऱ्यांस नवा नाही. परगावी ज्याचे बिऱ्हाड स्थिर नसे, त्याची पत्रे दुसऱ्याच्या पेढीमार्फत येत. पेढी उठली की पत्रांची वाट खुंटे. आज संकेतस्थळांवर नेमका हाच प्रकार चालू आहे. आपल्या पानावरून वाहतूकदाराकडे वा गिरणीच्या मालयादीकडे जाणारा दुवा सरळ न देता मध्यस्थ सेवेचा आखूड पत्ता दिला जातो. ग्राहक प्रथम त्या मध्यस्थाच्या दारी जातो. तो नोंद करून त्यास पुढे वळवितो.

यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. दुवा किती वेळा उघडला गेला ते कळते, व पुढील ठिकाण बदलल्यास एकाच जागी दुरुस्ती पुरते. परंतु ती नोंदवही मध्यस्थाची असते. आपले गिऱ्हाईक कोणत्या वेळी कोठे गेले, हे आपल्याअगोदर त्यास कळते!

आणि मध्यस्थच उठला तर? गूगलसारख्या धनाढ्य कंपनीने २००९ साली अशी सेवा काढली आणि ३० मार्च २०१९ रोजी नवे दुवे देणे थांबविले. पुढे जुलै २०२४ मध्ये तिने जाहीर केले की, २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुने दुवेही चालणार नाहीत. अखेरच्या महिन्यात हा निर्णय सौम्य झाला: वापरातील दुवे राखावयाचे, २०२४ च्या अखेरीस ज्यांवर हालचाल दिसली नाही तेवढेच बंद करावयाचे. व्यापाऱ्यास घोर आहे तो येथेच. छापील मालयादी चार वर्षे कपाटात पडून पाचव्या वर्षी मागणी आणते, आणि कागदावरचा दुवा मागाहून बदलता येत नाही.

‘बिट.ली’च्या पत्त्याचे शेपूट लिबिया देशाचे आहे, हे कितीजणांस ठाऊक असेल? त्याच शेपटाची ‘व्हीबी.ली’ ही सेवा २०१० साली तेथील नोंदणी-अधिकाऱ्यांनी स्थानिक कायद्याविरुद्ध ठरवून बंद केली.

म्हणून वळण द्यावयाचेच असेल तर ते आपल्याच नावाच्या पत्त्यावरून द्यावे, असे आमचे मत आहे. मात्र कोणीही वाटेल तो पत्ता जोडावा व आपल्या पेढीने त्याकडे लोकांस धाडावे, अशी मोकळीक त्यात नसावी. भामटे अशाच चांगल्या नावाआडून गिऱ्हाइकास खोट्या पानावर नेतात. वहीत नोंदलेल्या ठिकाणांकडेच वळण मिळावे. ठिकाण पुढे बदलण्याचा संभव असल्यास ते ‘तात्पुरते’ ठेवण्यास कारागिरास सांगावे, कारण ‘कायमचे’ वळण ग्राहकाचे यंत्र स्मरणात ठेवते व नंतरची दुरुस्ती पाहतच नाही. छापील यादीत आखूड पत्त्याखाली पूर्ण पत्ता बारीक टायपात द्यावा. एखादी ओळ अधिक जाते इतकेच.