पाळीव प्राण्यांच्या घरातील पिसवा : निदानपरिवर्जनाचा एक पाठ

पावसाळा सरत आला की कात्रज येथील आमच्या चिकित्सालयात घोट्यांवर व पोटऱ्यांवर कण्डू आणि लहान रक्तवर्ण पिडका घेऊन येणारे रुग्ण वाढतात. मागे अशाच एका कुटुंबास आम्ही शीतपित्त समजून तीन आठवडे औषध दिले. कण्डू शमे, पुन्हा उद्भवे. गणेशोत्सवासाठी मंडळी दहा दिवस गावी गेली, तेव्हा सर्वांस बरे वाटले. परतून दार उघडले त्याच रात्री पाय पुन्हा भरून आले. घरात मांजर आहे काय, हे विचारावयाचे आमच्याकडून राहून गेले होते.

पिसू प्राण्याच्या अंगावर अंडी घालते. ती गळून सतरंजीत, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटींत पडतात. अळ्या अंधारात वाढून कोष विणतात. कोषातील कीटक कित्येक महिने तग धरतो, त्यावर कीटकनाशकही फारसे चालत नाही. पावलांचे हादरे व उष्णता जाणवताच तो बाहेर पडतो. बंद घर उघडताच उपद्रव का उसळला, याचे उत्तर हेच. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण प्रादुर्भावाचा अल्पच अंश असतो.

ओळख सोपी आहे. प्राण्याचे केस बारीक फणीने ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरावेत. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरल्यास ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. गोचीड कातडीस घट्ट चिकटून राहते. पिसू टुणकन उडी मारते.

प्रतिबंधासाठी प्राण्याचे अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावे, कानेकोपरे रोज झाडावेत वा व्हॅक्यूम क्लीनरने स्वच्छ करावेत आणि घरातील सर्व प्राण्यांवर पशुवैद्यांच्या सल्ल्याने एकाच वेळी उपचार करावेत. कोष उरत असल्याने हा क्रम काही आठवडे सोडू नये. लहान मुलाने चुकून पिसू गिळल्यास पट्टकृमीची बाधा होऊ शकते, हेही पालकांस सांगावे.

औषधालयचालकांस एक कळकळीची विनंती. 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' असे सांगून कापूर, निलगिरी वा टी ट्री तेल मांजरासाठी देऊ नये. मांजराचे यकृत अशी अनेक द्रव्ये नीट पचवू शकत नाही आणि अंग चाटण्याच्या सवयीने ती पोटात जातात. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध तर मांजराच्या प्राणावर बेतू शकते.

१८९७ च्या प्लेगात पुण्यातील घरे धुतली गेली, माणसे हलविली गेली. परंतु उंदरावरील पिसू हे रोगप्रसाराचे कारण पॉल-लुई सिमाँ यांनी कराची येथे प्रयोगाने दाखविले ते १८९८ मध्ये. मांजराची पिसू वेगळ्या जातीची, तिचे भय तेवढे नाही. बोध मात्र तोच आहे. हेतू घरात नांदत असता केवळ रुग्णाच्या त्वचेवर लेप लावणे व्यर्थ होय. म्हणून कण्डूच्या प्रत्येक रुग्णास, नाडी पाहण्यापूर्वीच, आम्ही आता विचारतो : घरी कोणी पाळीव प्राणी आहे काय?