हळद आणि विस्मरण

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात हळद शेतातच पिकते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणाव्यात, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे.

या कॅप्सूलमध्ये असते कर्क्युमिन, हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य. प्रयोगशाळेत ते अल्झायमरशी निगडित प्रथिनाच्या गुठळ्या रोखताना दिसले, आणि आशा तिथूनच वाढली. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. अमेरिकेत अल्झायमरच्या 36 रुग्णांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली. काहींना रोज 2 ग्रॅम, काहींना 4 ग्रॅम कर्क्युमिन दिले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्मरणशक्तीला फायदा दिसला नाही. चाचणी लहान होती हे खरे, तरी त्यापुढे जाऊन कुणी खात्री देत असेल तर ती मानू नये.

वनस्पतीतून औषध मिळतच नाही असे मात्र नाही. स्नोड्रॉप या फुलझाडात सापडलेले गॅलँटामिन अल्झायमरमध्ये डॉक्टर देतात. त्याने आजार बरा होत नाही, लक्षणे काही काळ थोडी सावरतात.

आमटी-भाजीतली हळद खुशाल खावी. कॅप्सूलची गोष्ट वेगळी: मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाली आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव वाढू शकतो. थायरॉईडचा दोष किंवा ब-12 ची कमतरता यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून कॅप्सूल घेण्याआधी आजी-आजोबांची रक्ततपासणी करून घ्या.